फाइस्टी: कौतुक की तक्रार?



मागच्या महिन्यात एका पालक ताईंचा मला निरोप आला. त्यांची मुलगी शहरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. प्रगतिपत्रकात तिच्या बाईंनी शेरा दिला होता, 'अ फाइस्टी लिटल गर्ल'. ताईंनी मोबाईलवर अर्थ शोधला. एका ठिकाणी 'धाडसी, उत्साही' असं मिळालं आणि दुसऱ्या ठिकाणी 'चिडखोर, भांडखोर'. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पेढे वाटू की बाईंना जाऊन भेटू?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कारण दोन्ही अर्थ बरोबर आहेत. एकाच शब्दात कौतुकही बसतं आणि तक्रारही बसते, आणि कधी कधी लिहिणाऱ्यालाही आपण त्यातलं नक्की काय लिहिलं हे सांगता येत नाही. म्हणून आज हाच शब्द घेऊया.

आधी उच्चार. आपल्याकडे बरेच जण 'फीस्टी' वाचतात. मेजवानीचा 'फीस्ट' डोक्यात असतो म्हणून तसं होत असावं. पण त्या फीस्टमध्ये ई-ए आहे आणि ह्या शब्दात ई-आय आहे. स्पेलिंग एफ, ई, आय, एस, टी, वाय. ई-आय ही जोडी इंग्रजीत फसवी आहे. 'रिसीव्ह'मध्ये तिचा उच्चार ई होतो, 'एट' म्हणजे आठमध्ये ए होतो आणि 'हाइट' म्हणजे उंचीमध्ये आइ होतो. आपला शब्द उंचीच्या घरातला. मुलांना लक्षात राहावं म्हणून मी आइनस्टाइनचं नाव फळ्यावर लिहिते. त्यात ई-आय दोनदा येतं आणि दोन्ही वेळा आइच म्हणायचं. तर फाइस्टी.

हे विशेषण आहे. तुलना करताना शेवटचा वाय जातो आणि आय येतो, म्हणजे हॅपी-हॅपिअरसारखंच फाइस्टिअर, फाइस्टिएस्ट. नाम करायचं तर फाइस्टिनेस. व्याकरणाचं एवढंच, पुढे जाऊ.

अर्थ सांगायचा तर मी असा सांगेन. अंगात जोर आहे, डोक्यात स्वतःचं मत आहे, कुणी दाबायला गेलं तर दबत नाही आणि वेळ आली तर दोन शब्द ऐकवायला मागेपुढे पाहत नाही, अशा माणसाला फाइस्टी म्हणतात. नुसता उत्साही माणूस फाइस्टी नसतो. सहलीला जाताना गाडीत नाचणारं पोर उत्साही आहे. त्याच गाडीत खिडकीची जागा कुणी हिसकावली तर "ही माझी जागा आहे, उठ" म्हणणारं पोर फाइस्टी आहे. समोर कुणीतरी अडवणारं असल्याशिवाय हा शब्द नीट बसत नाही. ही खूण लक्षात ठेवली तर वापरताना सहसा चुकणार नाही.

इंग्रजीत तो कुठे कुठे येतो ते पाहा. 'माय ग्रँडमदर इज एटी बट स्टिल फाइस्टी', म्हणजे आजी ऐंशीची झाली तरी तिचा ठसका कायम आहे. 'द फाइस्टी लिटल टीम वन द मॅच', म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघाने मोठ्यांना पाणी पाजलं. 'इट वॉज अ फाइस्टी डिबेट', म्हणजे वादविवाद चांगलाच रंगला, थोडी चकमकही झाली. माणसाला, संघाला, भाषणाला, पत्राला, सगळ्याला चालतो. अमेरिकेतल्या शब्दकोशांत मात्र ह्याच शब्दाखाली चटकन चिडणारा, भांडायला टपलेला असाही अर्थ दिलेला असतो. तोच जुना अर्थ आहे. कौतुक नंतर चिकटलं.

आता ह्या शब्दाची जन्मकथा. ही तुम्ही वर्गात सांगितलीत तर मुलं हसून लोळतील, आणि ती कुणी सांगितली हे घरी जाऊनही सांगतील, तेव्हा बेताने.

अमेरिकेच्या दक्षिण भागात फाइस्ट नावाचं एक कुत्रं असतं. लहान चणीचं, चपळ, खारींच्या शिकारीला नेतात. खार झाडावर चढली की हे खाली उभं राहून भुंकून रान डोक्यावर घेतं. कुत्र्याला फाइस्ट हे नाव का पडलं, तर जुन्या इंग्रजीत 'फिस्ट' ह्या क्रियापदाचा अर्थ होता पादणे. हो, तेच. सोळाव्या शतकात फालतू, क्षुद्र कुत्र्याला तिरस्काराने 'फिस्टिंग' कुत्रं म्हणायचे. आपण रागाने एखाद्याला 'पादरा' म्हणतो ना, तसंच. पुढे शब्द झिजत झिजत फाइस्ट झाला, काही भागांत फाइस झाला, आणि वास निघून गेला, कुत्रं तेवढं उरलं. १८११ सालच्या इंग्रजी बोलभाषेच्या एका कोशात ह्या फाइसची नोंद आहे. कोशकार म्हणतो की हा आवाज न करता सुटणारा वारा असून म्हाताऱ्या बायका त्याचा आळ मांडीवरच्या कुत्र्यावर घालतात! कोशात सुद्धा असे विनोदी लोक असतात हे कळल्यापासून मला कोश वाचायला जास्त आवडायला लागलं.

त्या कुत्र्याच्या स्वभावावरून, साधारण १८९६ च्या सुमारास अमेरिकेत फाइस्टी हे विशेषण छापलेलं सापडतं. म्हणजे एवढंसं असून मोठमोठ्यांवर भुंकणारं, ते फाइस्टी.

ह्या कुत्र्याचा अब्राहम लिंकनशी संबंध आहे हे सांगितलं तर तुम्हाला गंमत वाटेल. लिंकन म्हटलं की आपल्याला हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र आठवतं. कितीतरी शाळांच्या ऑफिसात ते चौकटीत लावलेलं आहे. (ते लिंकनने लिहिलं ह्याला पुरावा मिळालेला नाही. तरी पत्र चांगलं आहे, चौकट काढू नका.) पण खऱ्या लिंकनने तरुणपणी, १८४० च्या दशकात, अस्वलाच्या शिकारीवर एक कविता लिहिली आहे आणि तिच्यात हे फाइस आहे. मोठी कुत्री आणि माणसं मिळून अस्वलाला मारतात. हे बुटकं कुत्रं धापा टाकत सगळ्यात शेवटी पोचतं. मेलेल्या अस्वलाला दात लावून गुरगुरतं, हिसडे देतं आणि जणू शिकार आपणच केली अशा तोऱ्यात फुगून बसतं. लिंकनला त्यातून फुशारकी मारणाऱ्या माणसांची फिरकी घ्यायची होती. मला तो प्रसंग वाचताना गावच्या लग्नातली काही मंडळी आठवली. नावं घेत नाही.

तर कुत्र्याची ही गोष्ट मजेची आहेच, पण ती कळली की शब्दाचा एक कोपरा उजळतो. फाइस्टी हा शब्द कुणाला लावतात बघा. लहान मुलीला. म्हातारीला. बुटक्या माणसाला. दुबळ्या संघाला. बाईला तर सर्रास, सिनेमाची नायिका दहा वाक्यं जोरात बोलली की परीक्षणात ती फाइस्टी झालीच. पण सहा फूट उंचीच्या पोलीस अधीक्षकांना कुणी फाइस्टी म्हणत नाही. पैलवानाला म्हणत नाही. हत्तीला तर नाहीच. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात आधीच एक हिशोब झालेला असतो की हिच्याकडून एवढ्या जोराची अपेक्षा नव्हती. 'एवढीशी आहे, पण बघा!' ह्यातला 'एवढीशी' हा भाग शब्दाच्या पोटात बसलेला आहे. म्हणूनच काही इंग्रजी बोलणाऱ्या बायकांना हा शब्द खटकतो. कौतुक होतं खरं, पण डोक्यावर हात ठेवून केलेलं.

मराठीत ह्याच्या जवळ जाणारा शब्द शोधताना मी खूप वेळ घालवला. तडफदार म्हणावं तर त्यात लहानपणाची छटा नाही. खमकी म्हणावं तर बरंच जवळ जातं, पण खमक्या माणसात थोडा दरारा असतो, खमकी मुख्याध्यापिका असू शकते. चुणचुणीत फार गोड आहे, त्यात भांडण नाही. शेवटी मला पटला तो आपला घरगुती शब्दप्रयोग, लवंगी मिरची. आकाराने बारीक आणि तोंडात गेली की डोळ्यांत पाणी. फटाक्यांतही लवंगी असतेच. ठसका हा शब्दही तिथलाच, फोडणीत मिरची पडली की घशाला लागतो तो ठसका, आणि ठसक्यात बोलणारी बाई म्हणजे ठसकेबाज. इंग्रजांनी कुत्र्यापासून शब्द घेतला, आपण स्वयंपाकघरातून घेतला. मला विचाराल तर आपला चांगला.

आता फाइस्टीच्या शेजारपाजारचे शब्दही बघून घेऊ, कारण इंग्रजीत ह्या स्वभावाला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचं मूळ शरीरात किंवा लोहाराच्या भट्टीत आहे.

प्लकी. मोठ्या संकटात न डगमगणारा. मटणाच्या दुकानात जनावराचं काळीज, फुप्फुस, यकृत एकत्र ओढून काढतात, त्या सगळ्या गुंत्याला इंग्रजीत प्लक म्हणतात. त्यावरून प्लकी. आणि आपण काय म्हणतो? 'त्याला वाघाचं काळीज आहे.' दोन्ही भाषा एकाच दुकानात गेल्या म्हणायच्या. गट्सी हाही तिथलाच, गट म्हणजे आतडं.

स्पिरिटेड. हा लॅटिनमधल्या श्वासाच्या शब्दावरून आला. श्वास म्हणजे जीव, जीव म्हणजे जोम. घोड्यालाही लावतात, स्पिरिटेड हॉर्स म्हणजे उमदा, लगाम ओढला तरी मान ताठ ठेवणारा घोडा. आता मराठीतला 'दम' घ्या. दम हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ श्वास. 'दम लागला' म्हणजे श्वास लागला, आणि 'अंगात दम असेल तर ये' म्हणजे हिंमत असेल तर ये. श्वासापासून हिंमतीपर्यंतची वाट दोन्हीकडे सारखीच.

मेटलसम हा जुना आणि आता क्वचित वापरला जाणारा शब्द. मेटल म्हणजे धातू आणि मेटल म्हणजे अंगची धमक हे इंग्रजीत मुळात एकच शब्द होते, नंतर स्पेलिंग वेगळं केलं. धातूचा कस तसा माणसाचा कस. आपण इथे 'पाणी' वापरतो. तलवारीला पाणी देतात, म्हणजे पातं तापवून बुडवून कणखर करतात. त्यावरून पाणीदार पातं, पाणीदार डोळे, पाणीदार घोडा, आणि 'त्याचं पाणी जोखलं' म्हणजे तो किती टिकेल हे ओळखलं. फक्त मुलांना सांगा, मेटलसमच्या जागी चुकून मेडलसम लिहाल तर अर्थ होईल नाक खुपसणारा!

स्पंकी हाही शब्द अमेरिकेत फाइस्टीसारखाच वापरतात. पण ब्रिटिश बोलीत त्याच्या मूळ नामाला अश्लील अर्थ आहे, तेव्हा वर्गात तो टाळलेला बरा.

इथपर्यंत शब्दांची मजा झाली. पण मला हा पाठ लिहावासा वाटला त्याचं कारण इंग्रजीत नाही, आपल्याच नोंदवहीत आहे.

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. शिक्षकांना हे तीन रकाने तोंडपाठ आहेत. पालकांसाठी सांगते, ह्या रकान्यांत आम्हाला प्रत्येक मुलाबद्दल वाक्यं लिहायची असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तयार नोंदींच्या याद्या फिरतात, त्यातून बरेच जण उतरवतात. पट मोठा, कामं शंभर, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. पण त्या याद्यांतला शब्द एकदा वहीत गेला की तो त्या मुलाचा होतो.

मी पूर्वी ज्या शाळेवर होते ती चौथीपर्यंतची. वर्ग झाडायची पाळी मुलींची आणि पाण्याची टाकी भरायची पाळी मुलांची, अशी पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली. मुलं टाकी भरायला जात आणि निम्मा वेळ पाण्यात खेळत. मी तिथे नवीन होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात कागदाचे कपटे पडलेले. मुलांनी विमानं केली होती. एक ज्येष्ठ सहकारी वर्गात आले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, झाडून घे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझ्या बाकाखालचं मी झाडलंय. हा कचरा पोरांनी केलाय, ते झाडतील." आवाज चढलेला नव्हता. पण खालीही नव्हता.

सर संतापले. उलट उत्तर देते, फार शहाणी झालीस, असं बरंच काही. मी मध्ये पडले, विमानवाल्यांच्या हातात केरसुणी दिली, विषय तिथे थांबला. पण सहामाहीच्या नोंदी लिहायची वेळ आली तेव्हा सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, त्या पोरीच्या सुधारणा आवश्यकमध्ये 'उद्धट आहे, मोठ्यांना उलट बोलते' असं लिहा. वेळीच लिहिलं तर पालकांना कळेल.

आता जरा ऑगस्ट महिना आठवा. एक ऑगस्टला आपल्या प्रत्येक शाळेत लोकमान्यांची पुण्यतिथी असते. शेंगांच्या टरफलांची गोष्ट नसलेलं भाषण मी अजून ऐकलेलं नाही. टरफलं मी टाकली नाहीत, मी उचलणार नाही, असं गुरुजींना ठणकावणारा मुलगा. त्या मुलाला आपण काय म्हणतो? बाणेदार. स्वाभिमानी. करारी. त्या वर्षी आमच्या शाळेत ते भाषण ह्याच मुलीने केलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या, आणि त्या सरांनी स्वतःच्या खिशातून तिला पेन बक्षीस दिलं होतं.

सर वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. शिष्यवृत्तीचे जादा तास फुकट घेणारे, आजारी मुलाला स्वतःच्या गाडीवरून दवाखान्यात नेणारे गृहस्थ. त्यांना भाषणातली गोष्ट आणि वर्गातली गोष्ट एकच आहे हे दिसत नव्हतं, कारण भाषेने त्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द देऊन ठेवले होते.

तुम्हीच करून बघा. कागद घ्या, मधून रेघ मारा. डाव्या बाजूला, न दबणाऱ्या मुलाला आपण काय म्हणतो ते लिहा. तडफदार, बाणेदार, करारी, रांगडा, मर्द गडी, वाघ. उजव्या बाजूला, न दबणाऱ्या मुलीला काय म्हणतो ते लिहा. आगाऊ, चढेल, भांडकुदळ, फटकळ, तोंडाळ, नाकात वारं शिरलेली. विदर्भातल्या माझ्या डीएडच्या मैत्रिणीकडून चाभरी हा शब्द मिळाला, तोही ह्याच बाजूचा. कौतुकाचा एकच मोठा शब्द आपल्याकडे आहे, झाशीची राणी. पण तो घरात कसा वापरतात? 'मोठी झाशीची राणी लागून गेलीस!' राणीचं नावसुद्धा टोमणा झालं. खमकी आणि जिद्दी हे दोन शब्द तेवढे दोन्हीकडे बसतात.

ह्या यादीपुढे ठेवलं की फाइस्टी बरा वाटतो, अगदी कुत्र्यापासून आलेला असला तरी. निदान तो मुलीला लावतात आणि हसून लावतात.

पण तो सगळीकडे पुरत नाही, हेही सांगते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक निघालं. बाई एक चुकली की साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवणाऱ्या समाजाला त्यांनी थेट विचारलं की पुरुषांचं काय. भाषा अशी धारदार की आजही वाचताना बसल्या जागी सरळ होऊन बसावं लागतं. फाइस्टी हा शब्द अमेरिकेत छापला जायच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट. ताराबाईंना फाइस्टी म्हणून बघा. कसं वाटतं? डोंगराला टेकडी म्हटल्यासारखं. सावित्रीबाईंनाही म्हणवत नाही. म्हणजे हा शब्द चेष्टेच्या, मायेच्या, रोजच्या अंतरातला आहे. ज्यांच्यापुढे मान खाली जाते त्यांना तो लावू नये. निबंधात थोर स्त्रियांबद्दल लिहिताना मुलांना हे जरूर सांगा. तिथे करेजस आहे, फिअरलेस आहे, ते वापरावेत.

त्या मुलीच्या नोंदीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सरांचं म्हणणं गावात कुणाकडून तरी तिच्या घरी पोचलं. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. रानातून तशीच आली होती, पायाला चिखल. ती म्हणाली, "मॅडम, तेवढं उद्धट लिहू नका. पाचवीला चार किलोमीटरवर घालायचं म्हणून तिच्या आज्याच्या मनात नाहीच. त्याला तेवढंच निमित्त पाहिजे. पोरगी हातची गेली, घरी बसवा, म्हणंल."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची शिक्षिका होते. शंभर नोंदी लिहिल्या असतील, हजार लिहिल्या असतील. पण एका विशेषणाने एखाद्याचं शिक्षण थांबू शकतं हे मला त्या आईच्या चिखलाच्या पायांकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं.

मी विशेष प्रगतीत लिहिलं, 'न पटलेली गोष्ट कारण देऊन सांगते. भाषण स्पर्धेत उत्तम सादरीकरण.' सुधारणा आवश्यकमध्ये लिहिलं, 'समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबावे.' तेही खरंच होतं, ती थांबत नसे. सरांना मी नोंद आधी दाखवली. ते म्हणाले, "तुम्ही गोड करून लिहिलंत." मी म्हटलं, "सर, घडलं तेवढंच लिहिलं." त्यावर आमचा वाद झाला, त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. झाडायची पाळी मात्र त्या दिवाळीनंतर सगळ्यांची झाली, मुलांची पण, आणि त्याला त्यांनी विरोध केला नाही.

आता पालक ताईंच्या प्रश्नाकडे येते. ताई, शेऱ्यात 'लिटल गर्ल' आहे आणि पुढे काही तक्रार नाही, म्हणजे बाईंनी बहुतेक मायेने लिहिलंय. पेढे नकोत, पण काळजीही नको. बाई भेटल्या की एवढंच विचारा, 'ती कोणत्या वेळी अशी वागते?' शब्दापेक्षा ते उत्तर तुम्हाला जास्त सांगेल. स्वतःची पेन्सिल परत मागताना आवाज चढतो की दुसऱ्याची पेन्सिल घेताना? मैत्रिणीची बाजू घेऊन भांडते की मैत्रिणीशी? घरी आल्यावर शांत होते की धुमसत राहते? लिंकनच्या कवितेतलं कुत्रं दुसऱ्याच्या शिकारीवर गुरगुरत होतं, तसं असेल तर जरा समजावायला हवं. खिडकीची स्वतःची जागा मागत असेल तर मागू दे.

अमेरिकेत मेरी शीडी कर्सिंका नावाच्या लेखिकेचं १९९१ साली पालकांसाठी एक पुस्तक आलं, 'रेझिंग युअर स्पिरिटेड चाइल्ड'. अशा मुलांना तोवर लोक हट्टी, अवघड वगैरे म्हणत. त्यांनी स्पिरिटेड हा शब्द मुद्दाम निवडला. त्यांचं म्हणणं साधं आहे. ही मुलं वेगळी नसतात, ती सगळ्या बाबतींत 'जास्त' असतात. रडणं जास्त, हसणं जास्त, एखादी गोष्ट धरून बसणं जास्त, बारीकसारीक गोष्ट टिपणंही जास्त. चार पोरांच्या आईला हे पुस्तक वाचायची गरज नाही, तिला माहीतच असतं. पण पहिलटकरणीने आणि नवीन शिक्षकाने वाचावं असं मला वाटतं.

वर्गात हा शब्द शिकवायचा असेल तर एक उपक्रम सांगते, मी दोन वर्षं करते आहे. फळ्यावर फाइस्टी लिहायचं, अर्थ लगेच सांगायचा नाही. दोन-तीन प्रसंग सांगायचे आणि मुलांना म्हणायचं, अशा माणसाला तुमच्या घरी काय म्हणतात ते विचारून या. दुसऱ्या दिवशी फळा भरतो. वांड, द्वाड, व्रात्य, खमक्या, तिखट, लवंगी, बेरकी (हा खरं तर बसत नाही, पण आणला कुणीतरी). मग एकेक शब्द घेऊन विचारायचं की हा कोणाला म्हणतात, मुलाला, मुलीला, का दोघांना. तिसरी-चौथीची मुलं हे फार पटकन ओळखतात. मागच्या वर्षी एका मुलाने आजीला विचारून शब्द आणला. आजी म्हणाली होती, तसं मला म्हणायचे. कोणता शब्द, तर 'आग्यावेताळ'. मी फळ्यावर सगळ्यात वर लिहिला. पोरं विचारत होती, मॅडम, आजी आता पण तशीच आहे का? तो म्हणाला, आता दात नाहीत, पण तशीच आहे.

त्याच्यापुढे मी इंग्रजीत लिहिलं, 'हिज ग्रँडमदर इज स्टिल फाइस्टी', आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.